मदत हवी आहे : पिकअपचा आतला ब्रेक पॅडच का संपला?

नमस्कार मंडळी. आमची पिकअप नारायणगावहून टोमॅटो भरून आठवड्यातून तीनदा माळशेज घाट उतरते. पंधरा दिवसांपासून ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक किर्रर्र आवाज यायचा. पावसाचं पाणी गेलं असेल म्हणून मी कानाडोळा केला, चूक माझीच. परवा घाटात तोच आवाज लोखंडावर लोखंड घासल्यासारखा झाला आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायला लागली.

घरी आल्यावर चाक खोललं. आतला पॅड पार पत्र्याला टेकलाय, बाहेरच्यावर मात्र अजून ५ मिमी तरी माल आहे. डिस्कवर, म्हणजे पॅड ज्या फिरत्या तबकडीला दाबतात तिच्यावर, नख अडकेल एवढी खाच. ब्रेक ऑइल मिनिममच्या खाली, पण गळती कुठे दिसत नाही. पॅड झिजले तसं तेही उतरलं असणार.

मेकॅनिक म्हणतो, नुसते पॅड टाका. मला ते पटेना. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक पिन हाताने हलतच नव्हती, ग्रीसचं पार डांबर झालंय. पिना साफ करून नवे रबर बूट टाकले तर भागेल, की पॅडला ढकलणारा पिस्टनही अडकला असेल? तो कसा तपासायचा? डिस्क लेथवर घासून घ्यावी की थेट नवीन? पॅड दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलणार आहे, त्यात तडजोड नाही. भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्यांनो, सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड वापरलेत का कोणी?

तोवर गाडी दारात जॅकवर उभी आहे, आणि माल भाड्याच्या टेम्पोने जातोय.