पन्नास सामन्यांचा निकाल घाईचा
पहिल्या पन्नास सामन्यांतच बेसबॉल संघाचा वकूब कळतो, हे मत मला घाईचे वाटते. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन संघाने पहिल्या ५० पैकी ३१ सामने गमावले होते. तरीही नियमित हंगामाच्या १६२ सामन्यांअखेर त्यांच्या खात्यात ९३ विजय जमा झाले. अर्थात, नशिबाचा वाटाही नाकारता येत नाही. मिलवॉकीविरुद्धच्या बाद लढतीत नऊपैकी आठव्या डावात १-३ असे मागे असताना नॅशनल्सच्या हुआन सोटोने मारलेला चेंडू उजवीकडच्या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला चकवून मागे गेला आणि तिन्ही धावपटूंनी धावा पूर्ण केल्या. ह्यूस्टनविरुद्धच्या अंतिम मालिकेत तर सातही सामने पाहुण्या संघानेच जिंकले, त्यामुळे त्या मालिकेत घरच्या मैदानावर एकही विजय न मिळवता नॅशनल्स विजेते ठरले.