फायटर विमानांच्या फोटोंसाठी लेन्स आणि सरावाची जागा सुचवा (पुणे)

विश्रांतवाडीची_विमानवेडी:
नमस्कार मंडळी, माझं लहानपण गच्चीवरच गेलं, डोक्यावरून हवाई दलाचं कॅनबेरा बॉम्बर गेलं की आई ओरडायची, आधी हातातलं ताट खाली ठेव मग पळ. बाबांच्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेला पहिला फोटो अजून जपून ठेवलाय, आभाळात बोटाच्या नखाएवढं विमान. २००२ ला लोहगावला सुखोई-३० एमकेआय आली तेव्हापासून तर तो आवाज आला की हातातलं काम थांबतंच. आता रिटायर होतेय आणि २०२७ च्या एअरो इंडियाला, म्हणजे बंगलोरच्या विमान प्रदर्शनाला, जायचंच असं ठरवलंय. कॅननची क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे, पण विमान फारच लहान येतं. सेकंडहँड चालेल. लेन्स कुठली घेऊ, आणि तोवर सराव कुठे करू? लोहगावच्या आसपास उभं राहून काढले तर चालतं का?

फिल्मवाला_काका:
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नका काढू. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, आपलं प्रवासी टर्मिनल त्याच्याच एका कडेला आहे, आणि तळाचे, धावपट्टीचे फोटो परवानगीशिवाय काढायला मनाई आहे. मी तरुणपणी दुसऱ्या एका शहरात ही चूक केली आणि अख्खा रोल काढून द्यावा लागला, त्यात पुतणीच्या बारशाचे फोटो होते, ते कायमचे गेले.

लेन्स म्हणाल तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० बघा. वजन झेपत नसेल तर कॅननची १००-४००, तुमच्या बॉडीवर ४०० म्हणजे ६४० सारखं दिसतं. सेकंडहँड घेताना टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते नक्की बघा, आणि आणल्यावर पावसाळाभर सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेटला शटर १/१६०० सेकंदापेक्षा मंद नको. पण सारंगची (हवाई दलाचा कसरती करणारा चमू) ध्रुव हेलिकॉप्टरं आली की लगेच १/२०० वर या, नाहीतर पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर हवेत टांगल्यासारखं दिसतं. मागे पांढरं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेड, नाहीतर विमानाचं पोट काळंठिक्कर येतं.

टेकडीवाला:
सरावाला वेताळ टेकडी!! संध्याकाळी घारी अगदी डोळ्यासमोरून जातात. मी दोन वर्षं घारीच काढल्या मग बंगलोरला गेलो. घार वळायच्या आधी शेपूट जराशी पिळते, ते दिसायला लागलं की तुम्ही तिच्या आधी कॅमेरा वळवता. सुखोईचंही तसंच, कॉकपिटच्या मागचे छोटे पंख म्हणजे कॅनार्ड हलले की लगेच बटण दाबायचं. घारी जमल्या की पाकोळ्या, त्या मात्र रडवतात.

बंगलोरला येलहंकाला एडीव्हीए म्हणजे डिस्प्ले बघायच्या जागेचं वेगळं तिकीट असतं, आपल्याला तेवढं पुरतं. सूर्य पाठीमागे येईल अशी जागा धरायला पहाटेच निघा.

घोरपडीकर:
उभं विमान जवळून बघायचं असेल तर आपल्या घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ बीएन आहे, कारगिलच्या लढाईत वापरलेलं. गेटवर कॅमेऱ्याचं विचारून घ्या. गोव्याला गेलात तर बोगमाळोचं नौदलाचं म्युझियम चुकवू नका, तिथे सी हॅरियर आहे आणि ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन पण. एवढं विमान फ्रेममध्ये बसवायला वाईड लेन्स लागते, मोठी लेन्स घरीच ठेवा.

विश्रांतवाडीची_विमानवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, लोहगावचं डोक्यातून काढून टाकलंय, तिथे नुसतं बघणार. मित्राची १००-४०० उसनी घेऊन रविवारी टेकडीवर गेले, तीनशेवर फ्रेम झाल्या आणि चार ठेवण्यासारख्या निघाल्या, त्यातल्या एकीत घारीचा डोळा शार्प आलाय, शेपटीची ती पिळ पण दिसतेय. हीच लेन्स घेते. टेकडीवाला दादा, पुढच्या रविवारी किती वाजता असता तिकडे?