मूळ विद्यालयाच्या मान्यतेवर दुसऱ्या गावात ‘शाखा’ चालवता येते का?

पालक, घाटंजी तालुका

नमस्कार. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित विद्यालय चालवणाऱ्या एका संस्थेने गेल्या वर्षी गावातील सोसायटीच्या जुन्या गोदामात आठवी-नववीचे वर्ग सुरू केले आणि ‘ही आमच्याच विद्यालयाची शाखा आहे, वेगळी परवानगी लागत नाही’ असे पालकसभेत सांगितले. मुलींचा रोजचा 14 किलोमीटरचा प्रवास वाचेल म्हणून आम्ही नावे घातली. परवा माझ्या मुलीचे नववीचे प्रगतिपुस्तक हातात आले. त्यावर छापील नाव तालुक्याच्या विद्यालयाचे आहे आणि त्याखाली निळ्या पेनाने ‘शाखा’ असे लिहून पुढे आमच्या गावाचे नाव घातले आहे. तेव्हापासून झोप लागत नाही. पुढच्या वर्षी ती दहावीला जाईल. तिचा बोर्डाचा अर्ज कोणत्या शाळेतून भरला जाईल, आणि ही शाखा बेकायदा ठरली तर तिचे वर्ष वाया जाईल का?

निवृत्त मुख्याध्यापक, दारव्हा

ताई, आधी शब्दाचा घोळ दूर करतो. आपल्याकडे शाखा म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान. एकाच शाळेत वाढीव वर्ग मिळतो ती तुकडी. दुसऱ्या गावात भरणारे वर्ग यांपैकी कशातही बसत नाहीत. मान्यता त्या जागेवरच्या शाळेला मिळते, संस्थेला नव्हे. नवी शाळा, वाढीव वर्ग किंवा शाळेचे स्थलांतर यांपैकी काहीही करायचे झाले तर शासनाची किंवा शिक्षण विभागाची रीतसर परवानगी लागते. संस्थेच्या अध्यक्षांचा ठराव त्यासाठी पुरेसा नाही.

ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, 11 अंकी असतो. त्यात पहिले 2 अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी 27), पुढचे 2 जिल्ह्याचे, 2 तालुक्याचे, 3 गावाचे आणि शेवटचे 2 शाळेचे असतात. शाखेचा क्रमांक विचारा आणि त्यातील गावाचे 3 अंक तुमच्या जिल्हा परिषद शाळेच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. जुळले नाहीत, तर कागदोपत्री तुमची मुलगी तालुक्याच्या गावातच बसून शिकते आहे.

असे का केले जाते, हेही समजून घ्या. शिक्षकांची पदे संच मान्यतेत, म्हणजे शाळेला पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, पटावर (विद्यार्थीसंख्येवर) ठरतात. मूळ विद्यालयाचा पट घसरला की पदे अतिरिक्त ठरतात, म्हणून खेड्यातील मुलांची नावे तिथे घालून पट टिकवला जातो. मंजूर पदावरचे शिक्षक तालुक्याला राहतात आणि गोदामात मानधनावरचा एखादा पदवीधर चार विषय शिकवतो. माझा खरा राग यावर आहे, कारण इथे नुसता नियम मोडत नाही, मुलींचे गणित आणि विज्ञान बुडते.

वकील, यवतमाळ

सरांच्या म्हणण्याला कायद्याची बाजू जोडतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 18 मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय खाजगी शाळा चालवू देत नाही. उल्लंघनाला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि ते चालूच राहिले तर दररोज 10,000 रुपयांपर्यंत. हा कायदा आठवीपर्यंतच लागू असल्याने आठवीच्या मुलांना त्याचा थेट आधार आहे. नववी-दहावीसाठी मात्र माध्यमिक शाळा संहिता आणि मंडळाचे विनियम पाहावे लागतात.

दहावीचा अर्ज मंडळाची मान्यता असलेल्या शाळेतूनच, म्हणजे तुमच्या बाबतीत मूळ विद्यालयामार्फत, अमरावती विभागीय मंडळाकडे जाईल. नियमित विद्यार्थ्याला 75 टक्के हजेरी आवश्यक असते. त्यामुळे मुलीचे नाव मूळ विद्यालयाच्या दाखल-खारीज रजिस्टरला आणि हजेरीपटावर आहे का, हे आजच तपासा. असेल, तर शाखा बंद झाली तरी तिला तिथेच प्रत्यक्ष बसता येईल. नसेल, तर दहावी सुरू होण्यापूर्वी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाणे उत्तम. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि ‘या गावात वर्ग चालवण्याच्या परवानगीची प्रत द्यावी’ एवढेच मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

शिक्षिका, वाशिम जिल्हा

मी अशाच एका शाखेत चार वर्षे शिकवले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या सेवाशर्ती अधिनियमात ‘खाजगी शाळा’ म्हणजे मान्यताप्राप्त शाळा. मला तोंडी काढून टाकले तेव्हा शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांच्या आत अपील करायला निघाले, पण माझ्या नावाचा नियुक्ती आदेशच नव्हता आणि त्या गावातील वर्गांना मान्यताही नव्हती. नव्याने लागणाऱ्यांनी आदेशावर शाळेचे नाव, गाव आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा क्रमांक पाहिल्याशिवाय रुजू होऊ नये, ही विनंती.

पालक, घाटंजी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. यू-डायसचे अंक जुळवले. गावाचे 3 अंक तालुक्याच्या गावाचे निघाले. रजिस्टरला मुलीचे नाव आहे. माहिती अधिकाराचा अर्ज काल पोस्टाने पाठवला. आता सहा मुलींचे पालक मिळून एसटी आगारात जाणार आहोत, कारण अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, पण आमच्या फाट्यावर सकाळी शाळेच्या वेळेला गाडीच थांबत नाही. थांबा मिळाला, तर जूनपासून सहाही जणी मूळ विद्यालयात बसतील.