चिनी श्रद्धा कादंबरीत कामाच्या, की नुसती आरास?

रानवारा: अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लेखकांना प्रतीकांचा सोसच आहे. एमी टॅनच्या 'द जॉय लक क्लब'मध्ये (१९८९) लाल मेणबत्ती, चिनी राशिचक्रातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेली बाई, पंचतत्त्वांतलं 'लाकूड' कमी म्हणून स्वतःचं मत नसलेली मुलगी, सगळं हजर! गोऱ्या वाचकासाठी मांडलेलं प्रदर्शन वाटतं.

शाईचा डाग: अजिबात पटलं नाही. लग्नातल्या त्या मेणबत्तीला दोन वाती, एकीकडे नवरीचं नाव, दुसरीकडे नवऱ्याचं. रात्रभर दोन्ही जळल्या की लग्न अभंग. मनाविरुद्ध लग्न झालेली लिंडो गुपचूप नवऱ्याची बाजू फुंकते. पुढे पूर्वजांनी स्वप्नात हे लग्न मोडायला सांगितलं अशी थाप मारून सासरहून सुटते. त्याच कादंबरीतल्या आन-मेइची आई तर दिवस मोजून अफू खाऊन जीव देते. मेलेल्याचा आत्मा तिसऱ्या दिवशी हिशेब चुकता करायला येतो, आणि तो दिवस नेमका चिनी नववर्षाचा, सगळी देणी फेडायचा. तिला चौथी बायको करून ठेवणारा वू त्सिंग असा टरकतो की तिची मुलं मानाने वाढवायचं कबूल करतो. श्रद्धा वगळा, गोष्टच उरत नाही.

तिरका कोन: काम करते म्हणून ती खरी ठरते का? मॅक्सिन हाँग किंग्स्टनच्या 'द वुमन वॉरियर'मध्ये (१९७६) पुरुषवेषात लढणाऱ्या दंतकथेतल्या मूलानच्या पाठीवर आईबाप सूडाची अक्षरं कोरतात. पाठीवरची अक्षरं ही चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातल्या सेनापती युए फेइची दंतकथा! हिरकणीच्या गोष्टीत तानाजीची घोरपड घालण्यातला प्रकार. फ्रँक चिन या लेखकाने अशा भेसळीवर कडक टीका केली, ती रास्तच होती.

शाईचा डाग: कॅलिफोर्नियात लाँड्रीवाल्यांच्या घरी वाढलेल्या मुलीने आईकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत त्या. सरमिसळ होणारच.

तिरका कोन: मग आत्मकथन म्हणून कशाला छापायचं?

मधली सुट्टी: टॅनचंच 'द किचन गॉड्स वाइफ' (१९९१) बघा. बायकोला छळणारा नवरा मेल्यावर चुलीचा देव होतो. वर्षाअखेरी घराघराच्या चहाड्या वर सांगतो, म्हणून लोक त्याला गोडधोड चारतात. कादंबरीतली आई विनी शेवटी त्याला हटवून स्वतः नाव दिलेली देवी बसवते. बदल आहेच, पण वाचकाच्या डोळ्यांदेखत. मला हे चालतं, किंग्स्टनचं खटकतं.

रानवारा: पण त्या देवाची अख्खी कुंडली आधी समजावून सांगावी लागते ना! माझी तक्रार तीच आहे.

मधली सुट्टी: विनी ती लेकीला सांगते हो. ती लेक, पर्ल, अमेरिकेत वाढलेली, तिला कुठून ठाऊक असणार?