‘गाडी अशीच असते’ हे ब्रेकच्या तक्रारीला उत्तर होऊ शकतं का?

नेकारकाठ (धागाकर्ता)

मी श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या वर्षी नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा त्या कंपनीचे भक्त आणि वैरी आपसात वाटून घेतात आणि ब्रेक राहतात बाजूला.

तक्रारी तीन आहेत.

सिग्नलला थांबताना वेग १० किमीच्या आसपास आला की पेडल पायाखाली किंचित खचल्यासारखं होतं आणि पुढच्याच क्षणी ब्रेक कचकन लागतो. शेजारी बसलेल्याची मान हलते. बॅटरी पूर्ण चार्ज असेल त्या सकाळी नेहमीइतकंच दाबूनही गाडी वेगळीच थांबते. आणि तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. ब्लॅक फॉरेस्टमधल्या हॉटेलवर रात्रभर चार्ज करून सकाळी डोंगर उतरलो, तेव्हा खाली येईस्तोवर पेडल मऊ पडलं होतं.

अधिकृत वर्कशॉपने टेस्टर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. एकही एरर कोड नाही. सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं, फरक शून्य. पुन्हा गेलो तर सल्लागार हसून म्हणाला, ‘हे या वाहनाचं वैशिष्ट्य आहे.’

माझं म्हणणं असं की ब्रेकच्या पेडलवर माणूस विचार न करता विसंबतो. किती दाबलं की किती थांबेल याचा हिशेब पायात बसलेला असतो. तो रोज बदलत असेल तर तो दोषच, टेस्टरवर कोड येवो न येवो. २०१०मध्ये टोयोटा प्रियसचं हेच झालं होतं. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो अशा तक्रारी आल्या. कंपनीचं सुरुवातीचं उत्तर होतं की हा चालकाला काय जाणवतं त्याचा प्रश्न आहे. त्याच फेब्रुवारीत जगभरातल्या चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावून एबीएसचं (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

तुमचं मत काय? आणि विरोधी मत असेल तर जरूर मांडा, इथे सगळे ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणायला लागले तर मला वर्कशॉपपुढे काही उपयोग नाही.

हायड्रॉलिक_काका

विरोधी मत हवंय, घ्या. माझी सगळी नोकरी चाकणच्या ब्रेक कारखान्यात गेली.

नियम ‘फील’ ओळखत नाहीत. युरोपात लागू असलेला यूएनचा १३-एच नियम सांगतो की पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन जोर लावून गाडीचा वेग दर सेकंदाला किमान ६.४३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी झाला पाहिजे. बूस्टर (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) बंद पडला तरी तेवढ्याच जोरात २.४४ मिळाले पाहिजेत. पेडल लोण्यासारखं असावं की दगडासारखं, यावर त्यात अक्षर नाही. तेव्हा ‘दोष’ हा शब्द जपून वापरा.

तुमची पहिली तक्रार ही ब्लेंडिंगची, म्हणजे मोटर आणि पॅड यांच्यात ब्रेकिंग वाटून घेण्याची आहे. पेडल दाबलं की आधी मोटर जनरेटर होऊन गाडी थोपवते, चाकाच्या डिस्कला चिमटणारे पॅड नुसते बसून असतात. टायकान या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारबद्दल पोर्शेचाच दावा आहे की रोजच्या वापरातलं ९० टक्के ब्रेकिंग असंच होतं. सुरुवातीच्या टायकानमध्ये मोटर २६५ किलोवॉटपर्यंत ऊर्जा परत घ्यायची, २०२४च्या मॉडेलमध्ये ४०० पर्यंत. पण वेग अगदी कमी झाला की मोटरचा जोर टिकत नाही आणि काम पॅडकडे सोपवावं लागतं. त्या हस्तांतरात किंचित खड्डा राहणारच. ते कॅलिब्रेशन मुख्यालयातले इंजिनिअर वर्षानुवर्षं घासून ठरवतात. तुमच्या वर्कशॉपमधल्या पोराच्या हातात त्यातलं काहीही नाही. त्याच्यावर चिडून काय होणार?

तिरकस

दीड-दोन कोटींच्या गाडीत मान हलते म्हणून धागा. आमच्याकडे पीएमपीच्या बसमध्ये अख्खा माणूस हलतो, तो मात्र वैशिष्ट्य समजून गप्प बसतो.

एकपायी

काका, हा खड्डा ‘राहणारच’ असं का? टेस्लाने वेगळा रस्ता घेतलाच की. रीजेन (मोटरने वेग कमी करत वीज परत घेणं) सगळं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलण्यावर, आणि ब्रेकचं पेडल थेट पॅडला. पेडलमध्ये मिश्रणच नाही म्हटल्यावर हस्तांतर कसलं? माझ्या गाडीत आठवडाभर ब्रेकला पाय लागत नाही.

धागाकर्त्यांना सल्ला: गाडी विका. जी कंपनी पेडल जुन्या पेट्रोल गाडीसारखं वाटावं म्हणून एवढा खटाटोप करते तिच्याकडून हेच मिळणार.

हायड्रॉलिक_काका

@एकपायी, आठवडाभर पाय लागत नाही हीच तर भीती. नवव्या दिवशी कुत्रं आडवं आलं की ज्या डिस्कवर गंज चढलाय तिच्यावर दाबणार. जर्मनीत वाहनांची तपासणी करणाऱ्या टीयूव्हीचा २०२४चा अहवाल बघा. दोन-तीन वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्लाची मॉडेल ३ तळाला होती, १४.७ टक्के गाड्यांत गंभीर दोष. दिवे आणि सस्पेन्शनचा वाटा होताच, पण ब्रेक डिस्कही त्यात होत्या. फोक्सवॅगनने आयडी मालिकेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे चक्क ड्रम दिले. लोक हसले, पण बंदिस्त ड्रम वापराविना पडून राहिला तरी डिस्कइतका खराब होत नाही.

स्पोर्ट्स कार घेणारा माणूस वळणाआधी पायाने वेग मोजतो. त्याला एकाच पेडलवर गाडी चालवायला सांगणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं.

गॅरेजवाली_नाशिक

मी काकांच्या अर्ध्या म्हणण्याशी सहमत आणि अर्ध्याशी अजिबात नाही.

काकांनी तिन्ही तक्रारी एका टोपलीत टाकल्या. डोंगर उतरून पेडल मऊ पडणं हे ब्लेंडिंग नव्हे. बॅटरी फुल्ल होती, म्हणजे मोटरने परत घेतलेली वीज ठेवायला जागाच नव्हती. रीजेन जवळपास बंद. दोन टनांपलीकडची गाडी अख्खा डोंगर फक्त पॅडवर उतरली. म्हणजे दुसरी आणि तिसरी तक्रार मुळात एकच साखळी आहे. महाबळेश्वरला फुल्ल चार्ज करून पसरणी घाट उतरणाऱ्यांनाही मी हेच सांगते, वर ८० टक्क्यांवर थांबा.

आता ब्रेक ऑइल. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून ३.७ टक्क्यांवर गेलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला, ऑइलमध्ये वाफ झाली, वाफ दबते, पेडल मऊ. गाडी वर्षाची आहे म्हणून ऑइल चांगलंच असेल हे गृहीत धरू नका. आधी कोणी सर्किट उघडून नीट हवा काढली नसेल तर? एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा साध्या ब्लीडिंगने निघत नाही. टेस्टरवरून व्हॉल्व्ह उघडावे लागतात, आणि ते पूर्ण करायला वेळ लागतो म्हणून घाईत सोडून देणारे मी पाहिलेत.

कोड आला नाही म्हणजे बिघाड नाही, हे टेस्टरवाल्या पिढीचं खूळ आहे. थोडीशी हवा असली तर कोड येतोच असं नाही.

हायड्रॉलिक_काका

ताई, एक मुद्दा राहिला. आधी गाडीत रचना कोणती आहे ते विचारा. बॉशच्या आयबूस्टरसारख्या रचनेत पेडल यांत्रिकरीत्या मास्टर सिलिंडरला (ऑइलवर दाब देणाऱ्या भागाला) जोडलेलं असतं, तिथे वाफ झाली तर पायाला कळेल. पण कॉन्टिनेंटलच्या एमके सी१ सारख्या पूर्ण ब्रेक-बाय-वायर रचनेत पाय एका सिम्युलेटरवर असतो, स्प्रिंग आणि रबरावर. खरा दाब वेगळी मोटर तयार करते. ऑइलमध्ये हवा असली तर ती मोटर जास्त सरकून भरून काढते आणि पायाला बराच काळ पत्ताही लागत नाही. अशा गाडीत ‘पेडल मऊ’ म्हणजे कदाचित गाडी कमी थांबतेय आणि मेंदू त्याचा अर्थ पेडल खचलं असा लावतोय.

नेकारकाठ (धागाकर्ता)

काका, हाच माझा आक्षेप आहे. पेडल खरंच खचतं की मला तसं वाटतं हे अंदाजाने का ठरवायचं? गाडीत पेडलच्या प्रवासाचा सेन्सर आहे, दाबाचा सेन्सर आहे, मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तर मोजला जातोच. टेस्टर लावून फोरमनने माझ्याबरोबर वीस मिनिटं चक्कर मारली तर हे सगळे आकडे लाइव्ह दिसतील. ते कोणी केलंच नाही. कोड वाचला, प्लग काढला, बिल नाही म्हणून उपकार केल्यासारखा चेहरा.

गॅरेजवाली_नाशिक

बरोबर, आणि वाचायचं कसं तेही सांगते, छापून घेऊन जा. पेडल तेवढंच दाबलंय पण दाब कमी येतोय, तर हवा, वाफ किंवा गळती, हायड्रॉलिक शोधा. दाब नेहमीइतका आहे पण गाडी कमी थांबतेय, तर पॅड आणि डिस्क: चकाकी आलीय, गंज आहे किंवा पॅड नीट बसलेलेच नाहीत. दाब वेळेवर चढतोय, डिस्क ठीक आहे, पण मोटरचा टॉर्क आधीच खाली येतोय, तर ते ब्लेंडिंग. तिथेच फक्त काकांचं ‘कॅलिब्रेशन, आपल्या हातात नाही’ लागू पडतं.

आणि ब्लेंडिंगसुद्धा कधी कधी डिस्कमुळे बिघडलेलं दिसतं. पॅड किती पकडतील याचं एक गणित सॉफ्टवेअरने धरलेलं असतं. वापराविना डिस्क खराब झाली की ते गणित चुकतं आणि शेवटच्या १० किमीला कचकन लागतं. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, न्यूट्रलमध्ये टाकून काही वेळा ठाम ब्रेक मारा. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलला रीजेन बंद असतं, सगळं काम पॅडवर येतं. फरक पडला तर पहिल्या तक्रारीचं मूळ सापडलं.

म्युनिकवासी

कायद्याचं इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, शिक्षण त्यातलंच. जर्मनीत विक्रेत्यावर दोन वर्षांची जबाबदारी असते. १ जानेवारी २०२२ पासून झालेल्या खरेदीत, पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो गाडी देतानाच होता असं धरलं जातं. उलट सिद्ध करणं विक्रेत्याकडे. त्यानंतर ते ओझं तुमच्यावर येतं. तेव्हा आधी तारीख बघा. तोंडी तक्रार पुरणार नाही, लक्षणं लिहून आणि दुरुस्तीची मुदत घालून पत्र द्या. एकाच दोषाच्या दुरुस्तीचे दोन प्रयत्न फसले की साधारणपणे दुरुस्ती अयशस्वी मानली जाते, मग किंमत कमी करून घेणं किंवा व्यवहार मागे घेणं हे मार्ग खुले होतात.

पण काकांच्या बाजूने एक गोष्ट: त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या तशाच असतील तर विक्रेता म्हणणार की ही आजच्या तंत्रज्ञानाची पातळी आहे, आणि न्यायालयात ते चालू शकतं. म्हणून शोरूममधली तीच मॉडेल चालवून बघा, शक्य तर तितक्याच चार्जवर. फरक असेल तर तुमची गाडी बिघडलेली आहे. फरक नसेल तर लढाई लांबची.

एकपायी

फरक नसेल तरी काय झालं? २०१८च्या मे महिन्यात कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहकसंस्थेने मॉडेल ३ची चाचणी घेतली. ताशी ९७ किमीवरून थांबायला सुमारे ४६ मीटर लागले, म्हणजे एका मोठ्या पिकअपपेक्षा जास्त. काही दिवसांत टेस्लाने घरबसल्या अपडेट पाठवला आणि तेच अंतर साडेचाळीस मीटरच्या आसपास आलं. सगळ्या गाड्या सारख्याच वाईट होत्या, तरी सुधारल्या. ‘सगळ्याच अशा’ हे कारण होत नाही.

हायड्रॉलिक_काका

ते सुधारलं कारण त्यांच्याकडे मीटरचा आकडा होता. ‘मान हलते’ हा आकडा नाही. आणि इतक्या मोठ्या संस्थेने छापलं म्हणून कंपनी हलली, एका गिऱ्हाइकाच्या मेलने नव्हे.

गॅरेजवाली_नाशिक

काका, गिऱ्हाइकाच्या पायाला इतकं स्वस्त करू नका. २०२४मध्ये पोर्शेने टायकान जगभरातून परत बोलावल्या, पुढच्या ब्रेक होजला (ऑइल वाहून नेणाऱ्या लवचीक नळीला) भेगा पडून ऑइल गळण्याची शक्यता म्हणून. त्यात चालकाला जाणवू शकणारं लक्षण काय, तर डॅशबोर्डवरचा इशारा आणि पेडलचा वाढलेला प्रवास. ‘पेडल जास्त खाली जातंय’ म्हणणाऱ्याला ‘गाडी अशीच असते’ सांगून परत पाठवणाऱ्या फोरमनला माझ्या गॅरेजमध्ये मी चहासुद्धा देणार नाही.

तिरकस

ताईंच्या गॅरेजचा पत्ता हवाय. गाडी नाही, चहासाठी.

हायड्रॉलिक_काका

होजचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. प्रवास वाढला असेल तर आधी गाडी उचला, चारही होज आणि कॅलिपर बघा, मग बाकीचं. पण पहिल्या तक्रारीवर मी ठाम आहे: गणित बरोबर असेल आणि तरी किंचित खचत असेल, तर त्यासाठी गाडी परत करणं मला अति वाटतं. काही गाड्यांत रीजेनची पातळी कमी करता येते, ती कमी ठेवून महिनाभर चालवून बघा.

नेकारकाठ (धागाकर्ता)

मला ते अति वाटत नाही. रीजेन कमी ठेवायचं तर एवढे पैसे कशाचे मोजले? असो, तिथे आपलं जुळणार नाही.

पत्र आज लिहिलं. त्यात मागणी दोनच: टेस्टर लावून माझ्याबरोबर टेस्ट ड्राइव्ह, पूर्ण चार्जवर एकदा आणि अर्ध्या चार्जवर एकदा, आकड्यांची प्रत माझ्या हातात, आणि ऑइलमधल्या पाण्याची तपासणी. बारा महिने पूर्ण व्हायला अजून थोडे आठवडे आहेत, म्हणून मुदत चौदा दिवसांची घातली. न्यूट्रलचा प्रयोग रविवारी पहाटे करतो.

गॅरेजवाली_नाशिक

थांबा, उलटा क्रम. प्रयोग टेस्ट ड्राइव्हनंतर करा. आधी डिस्क साफ केलीत तर शनिवारपर्यंत दिसणारा दोष सोमवारी वर्कशॉपमध्ये दिसणार नाही, आणि फोरमन पुन्हा हसेल.

म्युनिकवासी

आणि पत्र रजिस्टर्ड पाठवा, ईमेलवर भागवू नका.