मदत हवी आहे: ऑफिसला रोज न्यायला छोटी, कमी पिणारी गाडी

चिंचेचा_पार
धायरीहून हिंजवडी फेज ३ ला रोज गाडीने जाते. घरी डिझेलची सात-सीटर आहे, तीच नेते. आत मी एकटी. ऍव्हरेज १० च्या वर जात नाही, महिन्याचं डिझेल दहा हजारांच्या घरात गेलंय. आता पुरे. छोटी गाडी घ्यायची आहे. अल्टो के१०, सेलेरिओ, टियागो, कॉमेट, सगळ्यांचे व्हिडिओ बघून झाले आणि डोकं आणखीनच फिरलं. शोरूमवाला रोज फोन करतोय, आज बुक करा, किंमत वाढणार. ज्यांनी मोठी सोडून छोटी घेतली आहे त्यांनी सांगा, कोणती घेऊ? या आठवड्यात ठरवायचंच आहे.

पेठेतला_वाडा
बजेट किती? रोजचे किमी किती? मोठी विकणार की ठेवणार? गॅस चालेल का? पार्किंग आहे का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गॅसवर_सुसाट
ताई, डोळे झाकून सेलेरिओ सीएनजी घ्या. कंपनी किलोला ३४-३५ सांगते, मला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून २५-२६ मिळतं. पेट्रोलवाले पंपावर जेवढे पैसे देतात त्यात माझा दीड महिना निघतो. बाकी चर्चा हवी कशाला?

उतारावरचा
डोळे झाकून काय? त्या नवले पुलावरून जाणार आहेत रोज. कात्रजच्या नव्या बोगद्यातून उतारावर कंटेनर न्यूट्रल टाकून सुटतात, तिथे पत्र्याच्या डब्यात बसवायचं का त्यांना? ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी धडकवून सेफ्टी तपासतात ती टेस्ट) २०२३ ला अल्टो के१० ला दोन स्टार मिळाले, वॅगन आरला एक. टियागोला २०२० मध्येच चार होते. ताई, टियागोच्या खाली उतरू नका.

गॅसवर_सुसाट
सुटलेला कंटेनर मागून आला तर चार स्टार आणि दोन स्टार सारखेच. आणि आता या छोट्या मारुतींत सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आहेत, जुने निकाल किती दिवस उगाळणार?

उतारावरचा
एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. टेस्टमध्ये बॉडीशेल स्थिर की अस्थिर हे वेगळं लिहितात, तो भाग वाचा.

चिंचेचा_पार
सेफ्टीवर भांडण नको, प्लीज. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किमी, महिन्याला अकराशे धरा. बजेट ऑन-रोड सात लाख. मोठी विकायची नाही, ती मिस्टरांची आहे, गावी सांगलीला सगळे तिच्यातूनच जातो. २०१७ ची आहे. आता सांगा.

आकडेमोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, कारण मोठी ठेवणार म्हटल्यावर सगळं गणित फिरतं.

महिना ११०० किमी. डिझेल लिटरला ९१, ऍव्हरेज १०, म्हणजे १०,००० रुपये. छोटी पेट्रोल गाडी तुमच्या रस्त्यावर १७ देईल असं धरा, पेट्रोल १०४, म्हणजे साधारण ६,७००. गॅसवर किलोला २५, गॅस ९२ रुपये, म्हणजे ४,०००. घरी चार्ज होणारी इलेक्ट्रिक असेल तर दोन हजारांच्या आत.

आता पेट्रोल गाडीने महिन्याला ३,३०० वाचले, म्हणजे वर्षाला चाळीस हजार. त्यातून नव्या गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पुढे टायर-बॅटरी असे मिळून वीस-पंचवीस हजार वजा करा. हातात राहिले पंधरा-वीस हजार. आणि गुंतवणार साडेसहा-सात लाख! मोठी विकली असती तर तिचा विमा आणि सर्व्हिसिंग सुटलं असतं, वर विक्रीचे पैसे आले असते. ती तशीच ठेवून दुसरी घेतली तर इंधनाच्या बचतीतून नव्या गाडीची किंमत कधीच वसूल होत नाही. गॅसवर थोडं बरं दिसतं, तरीही दहा वर्षांच्या पुढेच जातं.

२०१७ ची म्हणजे बीएस४ (धुराच्या जुन्या नियमातली), रजिस्ट्रेशन २०३२ पर्यंत. बीएस६ डिझेल असती तर मीच सांगितलं असतं, गर्दीत रांगत चालवून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदवू नका, दुसरी घ्या. तुमच्या गाडीला ती भीती नाही. त्यामुळे ‘पैसे वाचतील’ हे कारण सोडून दुसरं काही कारण असेल तर ते आधी सांगा.

पावसातला_रेनकोट
एवढ्या भानगडीपेक्षा १२५ ची स्कूटर घ्या. पन्नासचं ऍव्हरेज, भुमकर चौकात कडेकडेने निघून जाता येतं, पार्किंगचा प्रश्न नाही. मी पाच वर्षं वारजे ते फेज २ असाच जातो.

पेठेतला_वाडा
स्कूटर विचारली का त्यांनी? बायपासला ट्रकच्या मधून स्कूटर? काहीही.

पावसातला_रेनकोट
सर्व्हिस रोडने जायचं. मी सांगतोय ते अनुभवाचं सांगतोय.

छोटी_पांढरी
मी कॉमेट चालवते, बावधन ते बालेवाडी. ताई, गाडी पहिल्यांदा बघून हसू येतं पण गर्दीत तिच्यासारखं सुख नाही. लांबी तीन मीटरच्या आत, ४.२ मीटरच्या त्रिज्येत वळते. गल्लीत यू-टर्नला रिव्हर्स टाकावाच लागत नाही. बॅटरी १७.३ युनिटची, कंपनी २३० किमी सांगते, मला एसी लावून १७०-१८० मिळतात, तुमचे तीन दिवस आरामात. दोनच दारं आहेत, मागे बसणाऱ्याला पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं, पण तुम्ही एकट्याच जाता. सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळेल का ते मात्र आधी बघा. आमच्या चेअरमननी चार महिने फाइल दाबून ठेवली होती. केंद्राच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे आपल्या घरच्या कनेक्शनवरून चार्ज करता येतं, तो कागद पुढे ठेवल्यावर काम झालं.

उतारावरचा
कॉमेट हायवेला? आडव्या वाऱ्यात कशी डुलते बघितलंय?

छोटी_पांढरी
तुम्ही चालवली आहे का? मी रोज चांदणी चौकातून जाते. सत्तरच्या वर नेतच नाही, न्यायला रस्ता तरी कुठे मोकळा असतो?

जुनी_नॅनो
अवांतर: २००९ ला नॅनो आली तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, आता सगळे तेच मागतायत. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, ३.१ मीटर. माझ्याकडे अजून आहे, बाजारात तीच नेतो. पार्ट मिळायला त्रास होतो, एवढंच. चांगली मिळाली तर सेकंडहँड नॅनो घ्या, लाखाच्या आत काम होईल.

पेठेतला_वाडा
पार्ट मिळत नाहीत म्हणता आणि रोज पन्नास किमीला तीच घ्यायला सांगता?

चिंचेचा_पार
सेकंडहँड नको. आकडेमोड, हिशोब पटला, मिस्टरांनाही वाचून दाखवला. कारण विचारलंत तर, माझा डावा गुडघा. ऑर्थोनी क्लच कमी करा म्हणून सांगितलंय. वाकडच्या पुलापासून फेज ३ पर्यंत पाऊण तास पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. सात-सीटरचा क्लच जड आहे, घरी आल्यावर जिना चढवत नाही. म्हणजे ऑटोमॅटिक तर हवीच.

आकडेमोड
ताई, हेच मुख्य आहे की हो! मग वसुलीचा हिशोब बाजूला ठेवा, गुडघ्यासाठी घ्या. पण मग अर्धी यादी आपोआप गळते. मारुतीच्या या छोट्या गाड्यांत गॅस आणि ऑटो गिअर एकत्र मिळत नाही, गॅस हवा तर क्लच आलाच. सेलेरिओ सीएनजी बाद.

गॅसवर_सुसाट
टियागो गॅसमध्ये एएमटी (ऑटो गिअर) येते, फेब्रुवारी २०२४ पासून. दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी, वर बॅग राहते. स्टार्टही थेट गॅसवर होते. मग ती घ्या. गॅस सोडू नका.

उतारावरचा
टियागो मीही सांगितलीच होती.

ग्रीस_लागलेले_हात
तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. एएमटीबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही तोच, फक्त तो दाबायचं काम पायाऐवजी मशीन करतं. त्यामुळे चढावर ऍक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट जळते, आणि ती गाडी ढकलत आमच्याकडे येते. चढावर थांबलात की ब्रेक किंवा हँडब्रेक, निघायचं तेव्हाच ऍक्सिलरेटर. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका, एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा, ती आपोआप सरकते. गिअर पडताना मान पुढे जाते अशी सगळे तक्रार करतात. त्या क्षणी पाय जरासा उचलला की झटका लागत नाही, आठवड्यात सवय होते. तुमच्या गुडघ्याला आराम नक्की पडेल.

गॅसचंही सांगतो. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, तारीख प्लेटवर असते. संध्याकाळच्या गर्दीत पंपावर प्रेशर कमी असलं तर टाकी पूर्ण भरत नाही, पैसे कमी लागतात पण परत रांगेत लवकर यावं लागतं. हिंजवडीहून दमून आल्यावर ती रांग चालणार आहे का, हे स्वतःलाच विचारा.

पावसातला_रेनकोट
स्कूटरला क्लच दाबावाच लागत नाही. सांगतोय मी.

नागोयावाली
मी जपानात असते. इथे छोट्या गाड्यांचा वेगळा वर्गच आहे, केई. इंजिन ६६० सीसीच्या आत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, पिवळी नंबर प्लेट, कर कमी. आपल्याकडे गाजलेली वॅगन आर १९९३ मध्ये इथे केई म्हणूनच आली होती. माझ्याकडे केईच आहे आणि मला कळलेली गोष्ट ही की अडचणीच्या जागेत लांबीपेक्षा रुंदी जास्त नडते. गाडी आत जाते, पण आपण बाहेर निघत नाही. तुमची अल्टो के१० १.४९ मीटर रुंद आहे, केईपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त. टियागो १.६८ च्या आसपास. पार्किंग कुठे आहे ते तुम्ही अजून सांगितलं नाही.

पेठेतला_वाडा
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

चिंचेचा_पार
एक पार्किंग आहे, तिथे मोठी लागते. दुसरीसाठी आमच्याच नावाची स्टिल्टमधली टू-व्हीलरची जागा, कमिटीने लेखी हो म्हटलंय. समोरच्या भिंतीपासून मागच्या चेंबरपर्यंत १३ फूट, दोन पिलरच्या मध्ये सव्वासात फूट. चार्जिंगची वायर तिथपर्यंत येत नाही, मधे शेजाऱ्यांची जागा आहे आणि ते पाइप टाकू देत नाहीत. म्हणजे कॉमेट गेली.

छोटी_पांढरी
अरेरे. ऑफिसात चार्जर असेल तर बघा एकदा.

आकडेमोड
१३ फूट म्हणजे ३९६ सेंटिमीटर, टियागो ३७७ ला उभी राहील. लांबीत बसली, चेंबरवर चाक नको एवढंच. सव्वासात फूट म्हणजे २२१. डाव्या पिलरला वीतभर ठेवून लावली तर टियागोत उजवीकडे तीसएक सेंटिमीटर उरतील, अल्टोत पन्नास. तीसमध्ये दार उघडून, दुखरा गुडघा वाकवून बाहेर येणं कठीण आहे.

ग्रीस_लागलेले_हात
थांबा, पिलर नेमका कुठे आहे? पिलर बोनेटच्या बाजूला येत असेल तर दाराला तो आडवा येतच नाही. बंपरपासून पुढच्या दाराची बिजागरी साधारण साडेतीन-चार फुटांवर असते. भिंतीपासून पिलर कुठे संपतो ते मोजा.

चिंचेचा_पार
आत्ता खाली जाऊन मोजून आले. पिलर भिंतीपासून तीन फुटांवर संपतो, मागचा पिलर चेंबरच्याही पलीकडे. उजवीकडे मोकळं आहे, फक्त वॉचमनची सायकल असते, ती हलवता येईल. म्हणजे दोन्ही बसतात.

आकडेमोड
मग टियागो गॅस एएमटी किंवा अल्टो एएमटी पेट्रोल, दोनच उरल्या. पहिली सातच्या वर जाईल, दुसरी सातात बसेल. दोघींत इंधनाचा फरक महिन्याला अडीच हजार. आणि शोरूमवाल्याच्या घाईला बळी पडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि गॅस गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय. तुमचं कोटेशन त्याआधीचं असेल तर ते रद्दी समजा, नवीन लेखी मागा, त्यात ऍक्सेसरीज आणि विमा वेगळा दाखवायला लावा. विमा बाहेरून घेता येतो, ‘इथूनच घ्यावा लागेल’ म्हणाला तर ऐकू नका.

उतारावरचा
अडीच हजारांसाठी नाही, नवले पुलासाठी टियागो घ्या.

चिंचेचा_पार
शनिवारी दोन्ही चालवून बघते. मिस्टर टियागो म्हणतात, मला अल्टोचा आकार आवडलाय. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात एएमटीचं काय कळणार?

ग्रीस_लागलेले_हात
काहीच कळणार नाही. संध्याकाळी सहाची वेळ मागा. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा. एसी लावून, शेजारी दोन माणसं बसवून चढावर उभी करा, ब्रेक सोडल्यावर मागे किती येते ते बघा. टियागो गॅसवर चालवायला सांगा, पेट्रोलवर टाकून देतील आणि पिकअप छान वाटेल. आणि उतरताना डावा पाय बाहेर काढून बघा. अल्टोची बसायची जागा खाली आहे, गुडघ्याला उठताना जोर लागतो. ते शोरूममध्ये पाच-सहा वेळा करून बघा, लाजू नका.