एअर फिल्टर: आकडा नाही, धूळ बघा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा कागद) ४०,००० किलोमीटरला बदला असं लिहिलंय, मग आधी कशाला बदलायचा, असं एकानं विचारलंय. दादा, तो आकडा चांगल्या रस्त्याचा. धुळीत लवकर बदला, हे त्याच मॅन्युअलमध्ये असतं.

माझं रोजचं जाणं-येणं गेवराईकडच्या कच्च्या रस्त्यानं, पुढं उसाची ट्रॉली. मार्चमध्ये फिल्टरचा डबा उघडला तर १२,००० किलोमीटरलाच कागदाच्या घड्यांत मातीचं पीठ बसलेलं. फिल्टर उन्हाकडं धरा, उजेड दिसत नसेल तर बदला.

आणि इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवाच. तिथं धूळ लागली तर रबराची कड नीट बसलेली नाही किंवा कागद फाटलाय, आणि ती धूळ सिलिंडर घासून खाते. कागदी फिल्टर धुऊ नका. हवा मारायचीच तर स्वच्छ, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूनं, लांबून.